घराभोवतीची सृष्टी ओळखणारे स्वयंसेवक : देवरूख परिसराच्या निमित्ताने

ख्रिस्तसभा दरवर्षी १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा कालावधी 'सृष्टीकाळ' म्हणून पाळते. १ सप्टेंबर हा सृष्टीच्या जतनासाठी प्रार्थनेचा जागतिक दिवस. कॅथलिक ख्रिस्तसभेत तो पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली सुरू केला. ४ ऑक्टोबर हा संत फ्रान्सिस असिसीकर ह्यांचा सण. पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी १९७९ मध्ये त्यांना पर्यावरणरक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. ह्या काळात आपल्या धर्मग्रामांत रोपे लावली जातात, मुलांच्या चित्रस्पर्धा होतात, प्रवचने होतात. लावलेल्या रोपांपैकी पुढच्या मे महिन्यात किती जिवंत राहिली ह्याची नोंद मात्र क्वचितच कोणी ठेवते.

नवे रोप लावण्याइतकेच महत्त्वाचे, पण कमी दिसणारे असे आणखी एक काम आहे. आपल्या वस्तीत कोणत्या घरांनी आपले अंगण, परसदार आणि आगर पिढ्यान्‌पिढ्या नीट राखले आहे, हे ओळखणे आणि त्या घरातील माणसांना तसे सांगणे. हे काम वाटते तितके सोपे नाही. हिरवे दिसणारे सर्वच काही चांगले नसते आणि ओबडधोबड दिसणारे सर्वच काही निष्काळजी नसते. म्हणून ह्या कामासाठी स्वयंसेवकांच्या दृष्टीला वळण लावावे लागते. ते कसे लावावे, ह्याचा विचार देवरूख आणि संगमेश्वर तालुक्याचा परिसर डोळ्यांसमोर ठेवून येथे केला आहे.

देवरूखच का?

देवरूख हे संगमेश्वर तालुक्याचे मुख्य ठिकाण. शेजारून सप्तलिंगी नदी वाहते, पूर्वेला सह्याद्रीची भिंत आहे आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तरीही एप्रिल उजाडला की कित्येक वाड्यांवरच्या विहिरी तळ गाठतात. ह्याचे एक कारण पायाखालच्या जांभ्यात आहे. जांभा सच्छिद्र असल्यामुळे पाणी त्यात चटकन मुरते, आणि तितक्याच चटकन उतारावरून पाझरून निघूनही जाते. कोकणात पाणी पडत नाही असे नाही, ते थांबत नाही.

दुसरे कारण जमिनीच्या मालकीत आहे. रत्नागिरी जिल्ह्यात शासकीय वनक्षेत्र अत्यल्प आहे. डोंगरउतारावर जी झाडी दिसते ती बहुतेक खासगी मालकीची आहे. म्हणजे ह्या जिल्ह्यातील वनश्रीचे भवितव्य वनखात्याच्या चौकीत ठरत नाही, ते घराच्या ओटीवर ठरते. मुलीच्या लग्नासाठी, आजारपणासाठी, घराच्या कौलांसाठी झाडे विकली जातात आणि त्या निर्णयाच्या वेळी त्या कुटुंबाला, 'तुम्ही आजवर हे राखलेत, त्याचे मोल आम्हाला ठाऊक आहे', असे सांगणारे सहसा कोणी नसते.

ह्या तालुक्यात त्या दिशेने काम झालेले आहे. पुण्यात स्थापन झालेली 'अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन' ही संस्था येथील देवरायांच्या आणि खासगी रानांच्या रक्षणासाठी अनेक वर्षे गावकऱ्यांबरोबर काम करीत आली आहे. जंगल न तोडण्याबद्दल मालकांशी करार करून त्यांना मोबदला देण्याची पद्धत तिने रुजवली. जुन्या बेहड्याच्या ढोलीत धनेश पक्षी घरटे करतो. बेहड्याचे फळ योग्य रीतीने गोळा करून विकले, तर झाड तोडण्यापेक्षा ते उभे ठेवणे अधिक फायद्याचे ठरते, हे ह्या कामातून दिसून आले. आपल्याकडे मोबदला देण्याइतका पैसा नाही. परंतु राखणाऱ्याला ओळखणे ही त्या कामाची पहिली पायरी आहे, आणि तिला पैसा लागत नाही.

सेवेची परंपरा तर देवरूखला जुनी आहे. इंदिराबाई हळबे ह्यांनी १९५४ साली 'मातृमंदिर'ची सुरुवात एका लहानशा प्रसूतिगृहाने केली. घरोघरी जाऊन माणसांची विचारपूस करणे हा तेथील सेवेचा पाया होता. आपल्या स्वयंसेवकांनाही आधी हेच शिकावे लागेल.

इतरत्र काय घडले?

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात १९७३ साली एक प्रयोग सुरू झाला. बागेविषयी प्रश्न विचारणारे नागरिक फार आणि कृषी विस्तार अधिकारी थोडे, म्हणून नागरिकांपैकीच काहींना प्रशिक्षण द्यायचे आणि त्याच्या मोबदल्यात त्यांनी ठरावीक तास लोकांना सल्ला द्यायचा, अशी योजना आखली गेली. आज ती तेथे बहुतेक राज्यांत चालते. फ्लोरिडा राज्यात असे प्रशिक्षित स्वयंसेवक मागेल त्याच्या घरी जाऊन अंगण पाहतात, नऊ तत्त्वांच्या यादीशी ताडून पाहतात आणि ते योग्य ठरल्यास दाराशी लावायला एक पाटी देतात. योग्य जागी योग्य झाड, पाण्याचा बेताचा वापर, जमिनीवर पालापाचोळ्याचे आच्छादन, पक्षी-कीटकांना आसरा, पावसाचे पाणी आवारातच जिरवणे, अशी ती तत्त्वे आहेत.

यादी चांगली आहे, पण ती उचलून देवरूखात आणता येणार नाही. फ्लोरिडातील मोठा प्रश्न हिरवळीला पाजल्या जाणाऱ्या पाण्याचा आहे, आपला प्रश्न चार महिन्यांत सर्व पाणी येऊन निघून जाण्याचा आहे. त्यांच्या यादीत जमीन पाल्याने झाकावी असे आहे, तर आपल्या आजीने अंगण शेणाने सारवून लख्ख ठेवले आहे. मग आजीचे गुण कापायचे काय? मुळीच नाही. ह्या जिल्ह्यात फुरशाचा वावर मोठा आहे. पाल्याखाली दडलेले फुरसे अंधारात दिसत नाही. शिवाय त्याच अंगणात भात वाळते, आमसुले वाळतात, साटे वाळतात, सायंकाळी रोझरीची प्रार्थनाही होते. घरालगत स्वच्छ अंगण आणि दूर आगरात झाडांच्या बुंध्यापासून थोडे अंतर सोडून पाला, ही आपल्याकडची योग्य रचना आहे. ज्याने ही यादी केवळ वाचली आहे तो तिला चूक ठरवील, ज्याला कारणे समजली आहेत तो तिला दाद देईल. प्रशिक्षणाची गरज आहे ती ह्यासाठी.

महाराष्ट्राला गुणांकनाचाही अनुभव आहे. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २०००-०१ पासून सुरू झाले आणि गावागावांत चुरस लागली. पुष्कळ गावे खरोखर पालटली. काही ठिकाणी मात्र समिती येण्याच्या आदल्या दिवशी रांगोळ्या निघाल्या आणि समिती गेल्यावर सारे पूर्ववत झाले. बक्षीस मोठे आणि पाहणी एकदाच, असे असले की हे घडणारच.

आपल्या समाजातील जवळचे उदाहरण वसईचे आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन : २५ जुलै २०२४) ह्यांच्या पुढाकाराने 'हरित वसई संरक्षण समिती'ने बिल्डरशाहीविरुद्ध आणि विहिरींतील पाणी टँकरने उपसून नेण्याविरुद्ध आवाज उठवला. त्या लढ्याचे मोल आपण जाणतोच. परंतु वसईच्या वाड्यांतील 'बावखले' मात्र त्याच काळात आणि नंतरही एकेक करून बुजत गेली. बावखल म्हणजे वाडीत खणलेले तळे. पावसाचे पाणी त्यात साठे, शेजारच्या विहिरींना पाझर लागे, केळी-पानवेलींना पाणी मिळे. घरात नळ आला आणि बावखल डासांचे डबके वाटू लागले. अलीकडे तेथील तरुणांनी काही बावखले पुन्हा उपसून स्वच्छ केली. जे बुजले ते बहुधा कोणा परक्याने बुजवले नव्हते, घरच्यांनाच त्याचा उपयोग सांगणारे कोणी उरले नव्हते.

पहिले अंगण चर्चचे

प्रशिक्षणाची सुरुवात दुसऱ्याच्या दारात करू नये. ती चर्चच्या आवारात करावी. गेल्या काही वर्षांत आपल्या अनेक चर्चची आवारे सिमेंटच्या ठोकळ्यांनी मढवली गेली आहेत. गाड्या लावायला ते सोयीचे आहे, चिखल होत नाही, सणाच्या दिवशी मंडप घालता येतो. ही कारणे खोटी नाहीत. पण एक हिशेब करून पाहावा. एक गुंठा म्हणजे सुमारे शंभर चौरस मीटर. तेवढ्या जागेवर वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी तीन लाख लिटर होते, म्हणजे दहा हजार लिटरचे तीस टँकर. मढवलेल्या आवारातून ह्यातील बहुतेक पाणी गटारात जाते आणि मे महिन्यात त्याच आवारात टँकर येतो. स्वयंसेवकांनी हा हिशेब आपल्या चर्चच्या छपराचा आणि अंगणाचा स्वतः मांडावा. फादरांसमोर आणि धर्मग्राम मंडळासमोर तो ठेवताना जो संकोच वाटेल, तो उद्या एखाद्या गृहिणीसमोर बोलताना उपयोगी पडेल. आपले बोलणे किती सौम्य असावे, हे त्यातून कळते.

दोन भेटी : जुलै आणि एप्रिल

सृष्टीकाळ सप्टेंबरात येतो खरा, पण घरे पाहण्यासाठी तो सर्वांत फसवा महिना आहे. सप्टेंबरात कोकणात दगडालाही पालवी फुटलेली असते. ज्याने काही केले नाही त्याचेही आवार हिरवेगार दिसते. म्हणून प्रत्येक घरी दोनदा जावे. एकदा जुलैच्या मुसळधार पावसात आणि एकदा एप्रिलच्या मध्यावर.

जुलैच्या भेटीत पाहायचे ते एकच, पाणी. छत्री घेऊन पंधरा मिनिटे शांत उभे राहावे. पागोळ्या कोठे पडतात? त्यांच्याखाली जमीन उखडली आहे की खाली चिरे किंवा खडी टाकून पाण्याचा मारा मोडला आहे? आवारात शिरलेले पाणी सरळ धावते, की गडग्याशी, आळ्याशी, पाटाशी थबकत जाते? शेवटी बेड्याजवळ यावे आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचा रंग पाहावा. लाल पाणी म्हणजे त्या घराची माती चालली आहे. निवळ पाणी बाहेर पडत असेल तर त्या घरी कोणीतरी जाणते माणूस आहे, मग आवार कितीही अस्ताव्यस्त दिसो. सुक्या दगडांचा गडगा पाण्याला अडवीत नाही, गाळून सोडतो. सिमेंटची भिंत पाणी अडवते आणि एखाद्या रात्री कोसळते. हा फरक पुस्तकातून समजत नाही, पावसात उभे राहिल्यावर समजतो.

ह्याच भेटीत करवंट्या, जुने टायर, कुंड्यांखालच्या ताटल्या ह्यांत साचलेले पाणीही पाहावे. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस पुरतात. पाणी जिरवणे आणि पाणी साचू देणे ह्यांत गल्लत होता कामा नये.

एप्रिलच्या भेटीत पाहायची ती तहान. विहिरीला पाणी किती? मोरीचे पाणी कोठे जाते? जुन्या घरांत ते केळीच्या आणि अळवाच्या बुडाशी सोडलेले असते. ही रचना कोणत्याही महागड्या यंत्रणेपेक्षा सरस आहे, फक्त त्या पाण्यात तीव्र रसायने पडू नयेत. आंब्या-काजूच्या गळलेल्या पानांचे काय होते? जाळली जातात की आगरात पसरली जातात? येथे एक अवघड प्रश्न येतो. पाल्याला वाळवी लागते आणि वणवा पाल्यावरून धावतो, असे शेतकरी सांगतात, आणि ते खरे आहे. म्हणून पाला बुंध्याला टेकवू नये आणि आगराच्या कडेने जाळरेषा मोकळी ठेवावी. जो जाळतो त्याला दोष देण्याआधी तो का जाळतो हे विचारावे.

झाडांविषयी दोन शब्द

देशी झाडे चांगली आणि परदेशी वाईट, असे सोपे सूत्र स्वयंसेवकांना शिकवू नये. काजू, मिरची, पपई, अननस ही सारी पोर्तुगीजांच्या मागोमाग आली आणि आज त्यांच्याविना कोकणी घर ओळखू येणार नाही. प्रश्न असा विचारावा की ह्या झाडाखाली दुसरे काही जगते काय, ह्याच्यावर कोणी पक्षी-माशी येते काय आणि घराला त्याचा काही उपयोग आहे काय. नारळाखाली मिरीचा वेल, जायफळ, दालचिनी, केळ, अननस अशी थरांची लागवड आपल्या आगरांत पूर्वापार होती. भाट्ये येथील प्रादेशिक नारळ संशोधन केंद्राने तिलाच शास्त्रीय रूप देऊन 'लाखी बाग' पुढे आणली. एका थरात सूर्यप्रकाश वाया जातो, चार थरांत तो खालपर्यंत वापरला जातो आणि पावसाचा मारही जमिनीला थेट बसत नाही.

रातांब्याचे उदाहरण सर्वांनी समजून घ्यावे. ह्या झाडांत नर आणि मादी वेगळी असतात. बियांपासून वाढवलेल्या रोपांतील सुमारे निम्मी नर निघतात आणि ते फुलोरा येईपर्यंत, म्हणजे सहा-सात वर्षे, कळत नाही. फळ न देणारे झाड पाहून, 'हे काय कामाचे?' असे म्हणण्याआधी शेजारच्या मादी झाडांना परागकण देणारे तेच असेल, हे ध्यानी घ्यावे. नवी लागवड करणाऱ्याला मात्र कलमे घ्यायला सांगावे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण अमृता' ही जात त्यासाठी प्रसिद्ध आहे.

आणि भाजीपाला. अनेक घरी परसात आता भाजी दिसत नाही. ह्याचे कारण आळस नसून माकडे आहेत. पडवळ, तवसे, भोपळा, केळीचा लोंगर, काहीही हाती लागू देत नाहीत. कंटाळून लोकांनी मांडव घालणे सोडले. अशा घरी रिकामे परसदार पाहून गुण कापणे हा निव्वळ अन्याय होईल. त्याऐवजी हळद, आले, सुरण, अळू अशा, माकडे ज्यांच्या वाटेला सहसा कमी जातात त्या पिकांची आठवण करून द्यावी.

दारी जाताना

साखरप्याकडून देवरूखकडे येताना रस्त्याच्या कडेला दोन प्रकारची घरे दिसतात. एका घरापुढे कापलेली हिरवळ, शोभेचे ताड, रंगवलेल्या कुंड्या. पुढच्याच वळणावर कौलारू घर, गोठा, निरगुडी-अडुळशाचे कुंपण, शेणकी, अर्धवट पडलेला गडगा. अनभ्यस्त नजर पहिल्या घरासमोर थांबेल. खरे तर दुसऱ्या घरात विकत आणलेले जवळपास काहीच नाही आणि टाकून दिलेलेही काही नाही. परंतु मुंबईहून आलेला मुलगा म्हणतो, "आई, हे सगळे साफ करून लादी घालूया." आणि आई, जिला आपण काही विशेष करतो असे कधी कोणी सांगितलेले नाही, ती मान डोलावते. ती मान डोलावण्याआधी आपला स्वयंसेवक तेथे पोहोचायला हवा.

म्हणून वागण्याची शिस्त झाडांच्या नावांपेक्षा महत्त्वाची. हातात वही घेऊन बेड्यात उभे राहू नये. जमीन मोजायला किंवा कर लावायला कोणी आले, असे लोकांना वाटते. आधी निरोप द्यावा, दोघांनी जावे, त्यात एक तरी स्त्री असावी. विचारल्याशिवाय छायाचित्र घेऊ नये. प्रथम ऐकावे : हे झाड कोणी लावले, विहीर कधी खणली, पूर्वी येथे काय होते. आपली कुटुंबे कोकणात विखुरलेली आहेत, म्हणून पाहणी केवळ कॅथलिक घरांपुरती ठेवू नये. शेजारच्या मावशी-काकांच्या दारीही त्याच आदराने जावे. उतारावरचे पाणी धर्म विचारून वाहत नाही.

आणि नापास कोणालाच करू नये. लूकलिखित शुभवर्तमानात निष्फळ अंजिराचा दाखला आहे. मालक झाड तोडायला सांगतो, तेव्हा माळी आणखी एक वर्ष मागतो, भोवती खणून खत घालण्याची तयारी दाखवतो. स्वयंसेवकाची भूमिका त्या माळ्याची आहे. ज्या आवारात उणिवा दिसल्या तेथे एकच सूचना द्यावी, तीही त्या कुटुंबाला परवडेल अशी, आणि पुढच्या जुलैत पुन्हा यावे. पोप फ्रान्सिस ह्यांनी 'लाउदातो सी' ह्या २०१५ च्या परिपत्रकात झाडे लावणे, पाणी जपून वापरणे अशा रोजच्या लहान कृतींना शिक्षणाचा भाग मानले आहे. लहान कृती हीच सूचना असावी : पागोळीखाली चार चिरे, मोरीला एक पाट, पेटवण्याऐवजी पाल्याला एक खड्डा.

ओळख कशी द्यावी? पाटी लावावी असे मला वाटत नाही, आपल्याकडे दारावर आधीच पुष्कळ पाट्या असतात. ८ सप्टेंबरला पवित्र मरियेच्या जन्मोत्सवी मुले फुले वाहतात. ती बाजारातून न आणता, दोन्ही भेटी पूर्ण झालेल्या घरांच्या अंगणांतून आणावीत आणि मिस्साच्या वेळी त्या घरांचा उल्लेख व्हावा. नंतर फादरांनी त्या घरी जाऊन आगराला आशीर्वाद द्यावा. अख्रिस्ती घरी त्यांच्या इच्छेनुसार केवळ भेट द्यावी.

प्रत्येक घरासाठी एक साधी वही असावी आणि ती त्या घरीच राहावी. तिच्यात जुलैच्या पानावर बेड्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा रंग लिहावा, एप्रिलच्या पानावर विहिरीतील पाणी किती हात खोल आहे ते लिहावे, आणि खाली त्या घरच्या माणसाची सही घ्यावी. तिसऱ्या वर्षी ती वही चाळताना काय दिसते, त्यावरून पुढच्या स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणाचे विषय ठरवावेत.